मुलीचा डोळा चष्म्याने सरळ, काढला की आधीपेक्षा जास्त तिरळा : आता पुढे काय?

शेंगाचटणी_सोलापूर

मुलगी साडेतीन वर्षांची. तीन पूर्ण झाल्यावर डावा डोळा नाकाकडे वळताना दिसायला लागला. आधी फक्त संध्याकाळी, दमल्यावर किंवा ताटात बघताना. दोन महिन्यांत दिवसभर. तीन दिवस ॲट्रोपीन मलम (बाहुली मोठी करून डोळ्यातल्या भिंगाचा जोर थांबवणारं) घालून तपासणी झाली. नंबर असा: उजवा +४.५०, डावा +६.०० आणि त्यात -०.७५ सिलिंडर, ॲक्सिस १८०. चित्रांच्या तक्त्यावर चष्म्यासकट उजवा ६/९, डावा ६/२४ (६/६ म्हणजे पूर्ण नजर). डोळ्याचा पडदा तपासला, ठीक आहे. उजव्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी सांगितली आहे. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, त्यातले तीन झाले.

आता अडचणी. चष्मा लावून लांबचं बघताना डोळे सरळ असतात, पुस्तकात बघताना डावा थोडा आत जातोच. चष्मा काढला की मात्र आधी जेवढा वळायचा त्यापेक्षा जास्त वळतो. चष्म्याने डोळा बिघडला का? घरात दोन तट पडलेत. आई म्हणलालीय, तिरळी पोर भाग्याची, मोठी झाली की आपोआप जाईल. मामा म्हणलालेत, हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला नेऊन ऑपरेशन करून टाका, चष्म्याची कटकटच नको. पट्टी घामाने निघते, सध्या दुपारी ४२ अंश आहे. आणि चष्मा सारखा नाकावरून खाली येतो, ती वरूनच बघते.

प्रिझम_बार

चष्म्याने डोळा बिघडलेला नाही. चष्मा लागू पडतोय त्याची ती खूण आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही यातूनच निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग फुगतं, आणि त्याच वेळी दोन्ही डोळे आपोआप नाकाकडे वळतात. दोन्ही बैल एकाच जुवाला, एक ओढला की दुसरा येतोच. नंबर नसलेल्या डोळ्याला ३३ सेंटिमीटरवरचं चित्र बघायला ३ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) जोर लागतो, लांबचं बघायला काहीच लागत नाही. तुमच्या मुलीच्या उजव्या डोळ्याला भिंतीवरचं कॅलेंडर बघायलाच साडेचार डायॉप्टर लागतात आणि मांडीवरचं पुस्तक बघायला साडेसात. जेवढा जोर तेवढे डोळे आत. लहान मुलांच्या भिंगात ही ताकद भरपूर असते, म्हणून ती 'धूसर दिसतंय' असं कधी म्हणत नाहीत. तक्रारीच्या जागी डोळा वळतो. अशा तिरळेपणाची सुरुवात बहुधा दोन-तीन वर्षांच्या सुमारास होते, कारण मूल बारीक वस्तू निरखायला लागतं ते याच वयात.

चष्मा नव्हता तेव्हा मेंदू कधी जोर लावायचा, कधी धूसर चालवून घ्यायचा. आता त्याला स्पष्ट दिसण्याची चटक लागली. चष्मा काढला की तो तेच चित्र मागतो, पूर्ण ताकद लावतो आणि डोळा आधीपेक्षा जास्त आत जातो. तेव्हा 'थोडा वेळ डोळ्यांना आराम' म्हणून चष्मा काढून ठेवू नका, आराम चष्म्यातच आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत, अंघोळ सोडून. शाळेपुरता किंवा टीव्हीपुरता चष्मा हा या प्रकारात जवळजवळ निरुपयोगी.

आता डावा डोळा. दोन्ही डोळ्यांची भिंगं एकाच हुकमावर, सारखाच जोर लावतात. उजव्याला पुरेल एवढा जोर लागला की मेंदू थांबतो, आणि दीड डायॉप्टर मागे असलेला डावा धूसरच राहतो. वर तो वळलेला, म्हणजे त्याचं चित्र भलत्याच जागचं. दोन चित्रं जुळत नाहीत म्हणून मेंदू डाव्याचं चित्र दाबून टाकतो. मोठ्या माणसाला अशा वेळी दोन-दोन दिसतं. मुलाला दिसत नाही, कारण त्याचा मेंदू एक डोळा सरळ बंद करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. ६/२४ हा त्याचा मध्यम प्रकार, वेळेत सापडलेला. आईंना हेच सांगा: डोळा दिसायला सरळ होईलही एखादे वेळी, पण बंद पडलेली नजर आपोआप चालू होत नाही, आणि मेंदूची शिकण्याची तयारी पहिल्या सात-आठ वर्षांत सगळ्यात जास्त असते. भाग्याचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

जवळ बघताना चष्म्यातूनही डोळा आत जातो, ही गोष्ट पुढच्या भेटीत आवर्जून सांगा. काही मुलांचं हे जू फारच ताणलेलं असतं. थोड्या जोराला डोळे प्रमाणाबाहेर वळतात. प्रिझमने, म्हणजे प्रकाश वाकवणाऱ्या त्रिकोणी काचेने, ६ मीटरवर आणि ३३ सेंटिमीटरवर, चष्मा घालूनच, वेगवेगळं मोजायचं; तिरळेपणाचं मापही प्रिझममध्येच सांगतात. जवळचा तिरळेपणा लांबच्यापेक्षा १० प्रिझमने किंवा त्याहून जास्त भरला तर बायफोकलचा, म्हणजे खाली वाचायचा वेगळा नंबर असलेल्या चष्म्याचा, विचार होतो. मोजताना जवळ बारीक चित्र धरायला हवं. नुसती टॉर्च धरली तर तिच्या ठिपक्याकडे बघायला मुलाला फोकस करावाच लागत नाही, डोळे सरळ दिसतात आणि कागदावर 'जवळ ठीक' असं लिहिलं जातं.

काचेचा_माणूस

चष्म्याबद्दल मी सांगतो. मूल वरून बघतं याची बहुधा दोन कारणं असतात. एक, फ्रेम बसत नाही. दोन, नंबर नवा असल्याने लांबचं धूसर वाटतं, कारण भिंगाची आवळून धरायची सवय अजून सुटलेली नाही. दुसरं कारण दोन-चार आठवड्यांत आपोआप मिटतं. नाही मिटलं तर डॉक्टर काही दिवस ॲट्रोपीन देऊन ती आवळ सोडवतात. पहिलं कारण मात्र दुकानात मिटवायचं.

साडेतीन वर्षांच्या मुलीच्या नाकाचा पूल अजून बसका असतो. मोठ्यांची छोटी केलेली फ्रेम त्यावर घसरणारच. लहान मुलांसाठी पूल खाली असलेल्या, सिलिकॉनच्या नाकपट्टीच्या, बिनस्क्रूच्या लवचिक फ्रेमा मिळतात. मागून इलॅस्टिकचा पट्टा घ्या. काडी कानामागे वळून बसली पाहिजे, सरळ मागे जाता कामा नये. फ्रेमची वरची कड भुवईपर्यंत येऊ द्या, म्हणजे वरून बघायला फटच राहत नाही. वाढती पोर म्हणून दोन मापं मोठी घेऊ नका; हा शाळेचा गणवेश नव्हे.

काच पॉलिकार्बोनेटचीच घ्या. हलकी असते आणि पडली तरी तुकडे डोळ्यात जात नाहीत. +६.०० ची काच मधोमध जाड होते, पण दुकानदाराने कमी डायमीटरचा ब्लँक (ज्यातून काच कापतात तो कोरा तुकडा) मागवला तर ती बरीच पातळ पडते. तसं सांगून मागवा, कारण मोठ्या ब्लँकमधून कापलेली प्लसची काच विनाकारण जड होते, आणि जड काच म्हणजे पुन्हा नाकावरून घसरणं.

बायफोकल लिहून आलाच तर एक चूक हमखास होते ती आत्ताच ऐकून ठेवा. चाळिशीच्या माणसाला वाचायचा भाग खालच्या पापणीच्या रेषेत बसवतात. मुलाला तसा बसवला तर ते त्या भागातून बघतच नाही, वरच्या भागातूनच पुस्तक वाचतं आणि पैसे वाया. मुलाच्या बायफोकलची रेषा बाहुलीच्या मधून गेली पाहिजे, आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषा असलेला एक्झिक्युटिव्ह प्रकार यासाठी बरा. वाचनाची भर साधारण +२.५० ते +३.०० असते. दुकानदार 'एवढी वर रेषा बरी दिसत नाही' म्हणाला तर ऐकू नका.

सकाळची_आसनं

एवढं चष्मा-पट्टीचं कशाला. पेन्सिल हातभर लांब धरून हळूहळू नाकाजवळ आणायची, रोज वीस वेळा. सोबत डोळे गोल फिरवणे, त्राटक. स्नायू बळकट झाले की तिरळेपणा जातो. रात्री गाईच्या तुपाचा थेंब.

प्रिझम_बार

वरचा सल्ला या मुलीला देऊ नका. पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम डोळे *आत* आणायला शिकवतो. हिचे डोळे आधीच आत येतात. उतारावरच्या गाडीला मागून धक्का देण्यातला प्रकार आहे हा.

तो व्यायाम खोटा नाही, जागा वेगळी आहे. वाचताना डोळे पुरेसे आत येत नाहीत, ओळी एकावर एक चढतात, कपाळ दुखतं, अशा मोठ्या मुलांना आणि तरुणांना त्याचा उपयोग होतो. घरच्या नुसत्या पेन्सिलपेक्षा दवाखान्यात देखरेखीखाली केलेल्या व्यायामांचा जास्त होतो. आणि तिरळेपणात स्नायू अशक्त असतो ही समजूतही बहुतेक मुलांत चुकीची. स्नायू धडधाकट असतात, त्यांना मिळणारा हुकूम चुकतो.

तूप, मध, गुलाबपाणी, काजळ यातलं काहीही डोळ्यात नको. तिरळेपणावर त्याचा काही परिणाम नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

बालवाडी_ताई

पट्टीबद्दल. उन्हाळ्यात सोलापुरात पट्टीची वेळ बदलणं हाच पहिला उपाय. सकाळी अंघोळीनंतर, सात ते नऊ. दुपारी कूलरसमोरसुद्धा घाम येतो आणि कूलरची हवा दमट, पट्टीचा चिकट भाग सुटतोच. सलग दोन तास जमत नसतील तर एक-एक तास दोनदा चालतं.

पट्टी कातडीला चिकटणारी हवी, चष्म्याच्या आतून. चष्म्यावर कापड किंवा कागद लावला की मूल दोन मिनिटांत कडेने बघायला शिकतं, आणि बघणारं मूल शांत असतं, म्हणून मोठ्यांना वाटतं सवय झाली. पट्टी लावल्यावर रडरड, चाचपडणं होत असेल तर ती नीट बसली आहे. कापूस आणि मायक्रोपोरची (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) घरगुती पट्टी चालते; नाकाकडच्या कडेने उजेड शिरत नाही ना, एवढं बघा.

कातडी लाल होत असेल तर पट्टीचं अरुंद टोक एक दिवस नाकाकडे, एक दिवस कानाकडे करा, म्हणजे चिकट भाग रोज त्याच जागी येत नाही. काढताना ओढू नका. कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवून दोन मिनिटांनी काढा. लावण्याआधी मात्र चेहरा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा. तेलाचा अंश राहिला की पट्टी धरत नाही.

त्या दोन तासांत बारीक कामं द्या: मणी ओवणं, चित्रातल्या रेषेच्या आत रंगवणं, तांदळातून खडे वेचणं. झोपेतली पट्टी धरायची नाही. आणि पट्टी चांगल्या डोळ्यावर, हे आजी-आजोबांना दोनदा सांगा. तिरळ्या डोळ्यावर बांधलेली मुलं बघायला मिळतात.

नेत्र_ओपीडी

ताईंनी बरोबर लिहिलंय. थोडी भर. ६/२४ पर्यंतच्या आळशी डोळ्याला रोज २ तास आणि रोज ६ तास पट्टी यांच्यात चार महिन्यांनंतर फरक पडत नाही, हे अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने मोठ्या चाचणीत तपासलेलं आहे. तेव्हा 'जास्त केलं तर लवकर' म्हणून घरच्या घरी सहा तास करू नका. चांगल्या डोळ्याची नजर पट्टीनेच उतरू शकते, म्हणून तर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी असते. ती चुकवायची असेल तर पट्टीही थांबवा. नजर सारखी झाल्यावरही एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करायची. थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर पुन्हा थोडी घसरते, आणि सहा-सहा तास लावून एकदम सोडलेल्यांत हे जास्त दिसतं.

पट्टी अजिबातच जमली नाही तर चांगल्या डोळ्यात शनिवार-रविवार ॲट्रोपीन हा तोडीस तोड पर्याय आहे, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. इथल्या उन्हाळ्यात त्याचं एक भान ठेवायचं: ॲट्रोपीनने घाम कमी होतो, चेहरा लाल होतो, अंग तापतं, तोंड कोरडं पडतं. पुढच्या वेळी नंबर काढायला मलम द्याल तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढंच, नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, हात धुवा, ट्यूब उंच जागी. ताप किंवा बडबड सुरू झाली तर पुढचा डोस देऊ नका आणि फोन करा. बाहुली दहा-बारा दिवस मोठी राहते, तेवढ्याने घाबरू नका.

आता मामांचं ऑपरेशन.

चष्म्याने डोळे पूर्ण सरळ होत असतील तर ऑपरेशन करत नाहीत. चष्मा सुटावा म्हणून तर नाहीच. प्लसच्या नंबराने आत येणारा डोळा स्नायू सैल करून सरळ केला, तर पुढे नंबर उतरल्यावर तोच डोळा बाहेर जायची भीती असते. चष्म्यातूनही जेवढा तिरळेपणा *उरतो*, त्याचंच ऑपरेशन. तेसुद्धा आळशी डोळ्याची नजर शक्य तेवढी सुधारल्यावर, आणि दोन वेगवेगळ्या भेटींत माप सारखं आल्यावर. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच मोठ्या कोनाने आत गेलेला डोळा हा निराळा आजार. तिथे ऑपरेशन लवकर, बहुधा दोन वर्षांच्या आत करतात. दोन्हींची गल्लत झाली की 'अमक्याच्या मुलाचं दीड वर्षाला केलं, तुम्ही का थांबलात' असं ऐकावं लागतं.

ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढत नाहीत. डोळ्याला सहा स्नायू. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साडेपाच मिलिमीटर मागे चिकटलेला असतो. डोळा आत येत असेल तर पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा उघडून तो स्नायू सोडवतात आणि काही मिलिमीटर मागे शिवतात. त्याची ओढ कमी होते. किती मागे, याचे तक्ते आहेत. २५ प्रिझम तिरळेपणाला दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू ४-४ मिलिमीटर, ३५ ला ५-५, ५० ला ६-६, असा हिशोब. अर्ध्या मिलिमीटरने पाच ते दहा प्रिझमचा फरक पडतो, म्हणून माप घेण्यात घाई चालत नाही. डावाच डोळा वळतो तर उजव्याला का हात लावला, असं पालक विचारतात. कारण वळण दोन डोळ्यांच्या मधलं असतं, ते दोन्हीकडे वाटून काढता येतं.

लहान मुलाला पूर्ण भूल लागते. घट्ट अन्न आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेलेली बरी. स्नायू ओढताना हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं, ओढ सोडली की ठोके सुधारतात. म्हणून जागा निवडताना दोन गोष्टी विचारा: तिरळेपणाची ऑपरेशनं नियमित करणारा सर्जन आहे का, आणि लहान मुलांना भूल देण्याची पूर्ण सोय आहे का. पुणे की सोलापूर हा त्यानंतरचा प्रश्न. टाके विरघळणारे असतात, लाली दोन-तीन आठवडे राहते, डोक्यावरून अंघोळ आठवडाभर नाही, पोहणं महिनाभर नाही. नंतर चष्मा असतोच, पट्टीही कधी लागते, आणि काही मुलांना पुढे दुसरं ऑपरेशन लागतं. हे आधी सांगितलं नाही की घरचे म्हणतात पहिलं फसलं.

खर्चाचं: सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. डॉक्टरांनी नेमकं कोणतं ऑपरेशन लिहिलंय त्याच नावाने, योजनेत बसतं का आणि कोणत्या रुग्णालयात, ते विचारा. नुसतं 'डोळ्याचं ऑपरेशन' म्हणून विचारलं तर मोतीबिंदूचं उत्तर मिळतं.

अक्कलकोट_रोड

धाग्यात घुसतोय, माफ करा. मोठ्या माणसाचं विचारायचंय. वय ५८, साखर बारा वर्षांपासून. काल सकाळपासून दोन-दोन दिसतंय, उजवा डोळा उजवीकडे पूर्ण जात नाही. डोकं दुखत नाही, पापणी पडलेली नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल का?

नेत्र_ओपीडी

नंबर नव्हे. आजच दाखवा. आधी एक करा: एक डोळा झाकल्यावर, मग दुसरा झाकल्यावर, दोन्ही वेळा एकच दिसतं का? तसं असेल तर डोळे जुळत नाहीत म्हणून दोन दिसतंय. एका डोळ्यानेही दोन दिसत असेल तर मोतीबिंदू किंवा नंबर.

उजवा डोळा बाहेर जात नाही म्हणजे बाहेरच्या स्नायूची नस, सहावी, काम करत नाहीये. या वयात साखर आणि रक्तदाबाने नसेचा बारीक रक्तपुरवठा तुटणं हे नेहमीचं कारण. ती नस बहुतेकांची तीन महिन्यांत परत येते. उपाशी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब आजच्या आज. तोपर्यंत चष्म्याच्या एका काचेवर धुरकट टेप लावा, दोन दिसणं थांबतं. गाडी चालवायची नाही, टू-व्हीलर तर अजिबात नाही. जिनाही कठडा धरून.

पापणी पडली आणि डोळा बाहेर-खाली गेला, त्यात बाहुली मोठी झाली, तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाब देत असण्याची शक्यता असते. उलटी, तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही असेल तरी तेच. तीन महिन्यांत सुधारणा नाही झाली तर मेंदूचा एमआरआय लागतो, आणि ऑपरेशनचा विचार निदान सहा महिने थांबून. मधल्या काळात काचेवर चिकटवायचं पातळ प्रिझम मिळतं; त्यातून किंचित धूसर दिसतं, पण दोन दिसण्यापेक्षा बरं.

बालवाडी_ताई

धागा वाचणाऱ्या बाकीच्या पालकांसाठी. घरी शंका आली तर मुलाला समोर बसवून, चेहरा अगदी सरळ ठेवून, फ्लॅश लावून मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बुबुळांवर पांढरा ठिपका पडतो. दोन्हीकडे एकाच जागी असेल तर डोळे त्या क्षणी तरी सरळ आहेत. बसकं नाक आणि आतल्या कोपऱ्यावर आलेली कातडी यामुळे बाळं तिरळी *वाटतात*. नाक वर आलं की ते जातं. 'मोठी झाली की आपोआप गेलं' या बऱ्याच गोष्टी अशाच बाळांच्या. जन्मल्यावर तीन-चार महिन्यांपर्यंत डोळे अधूनमधून इकडे-तिकडे जातात तेही चालतं, त्यानंतर नाही. उन्हात आल्यावर एक डोळा मिटणारं मूलही दाखवा. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याची ती खूण असते, आणि इथल्या उन्हात सगळेच डोळे बारीक करतात म्हणून ती निसटते. फरक एवढाच की हे मूल *एकच* डोळा आणि दर वेळी बहुधा तोच मिटतं.

फोटोत एका बाहुलीत लाल किंवा काळ्याच्या जागी पांढरी चमक पुन्हा पुन्हा आली तर मात्र त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. मोतीबिंदू किंवा पडद्यावरची गाठ यात सापडते, आणि तिरळेपणा हे त्या गाठीचं दुसरं नेहमीचं लक्षण आहे. म्हणून प्रश्नकर्त्यांनी 'पडदा तपासला' असं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका, आणि शंका तोंडाने सांगा. शे-दीडशे मुलांत अधूनमधून वळणारा डोळा नेमका त्या दोन मिनिटांत वळेल असं नाही.

प्रिझम_बार

ताईंच्या फोटोला पुरवणी: त्या ठिपक्यावरून अंदाज काढता येतो. ठिपका मध्यापासून १ मिलिमीटर सरकला की साधारण १५ प्रिझम. बाहुलीच्या कडेवर असेल तर ३० च्या आसपास, बुबुळाच्या कडेवर ९०. पण मूल कॅमेऱ्याकडे बघत असलं पाहिजे, आणि कॅमेरा आणि फ्लॅश नाकाच्या रेषेत. फोटो डॉक्टरांना दाखवायला ठेवा, निदान करायला नको.

शेंगाचटणी_सोलापूर

सगळ्यांचे आभार. आईला जोराचं आणि जुवाचं गणित कळलं, मामांना अजून नाही. दोन शंका. मोठेपणी चष्मा सुटेल का? आणि काचेचा_माणूस यांनी फ्रेमचं लिहिलं म्हणून चष्म्याचं बिल काढून बघितलं, त्यावर पीडी ५६ लिहिलाय. हे बरोबर आहे का?

नेत्र_ओपीडी

सहा-सात वर्षांनंतर प्लसचा नंबर हळूहळू उतरतो. दरवर्षी औषध घालून नंबर काढायचा आणि डोळे सरळ राहतील तेवढाच कमी करत न्यायचा. काहींचा चष्मा किशोरवयात सुटतो. +५ च्या आसपासच्यांचा बहुधा राहतो, त्यांना पुढे कॉन्टॅक्ट लेन्स चालतात.

काचेचा_माणूस

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. ५६ मला संशयास्पद वाटतं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर बहुधा ५० च्या आत-बाहेर असतं. फ्रेम मोठी घेतली की काही जण काचेचा मध्य फ्रेमच्या मध्यावर बसवतात आणि तोच आकडा बिलावर लिहितात.

समजा खरं अंतर ५० आहे. मग प्रत्येक काचेचा मध्य बाहुलीच्या ३ मिलिमीटर बाहेर. नंबर गुणिले सेंटिमीटर, म्हणजे उजवीकडे १.३५ आणि डावीकडे १.८, दोन्ही मिळून तीनेक प्रिझमचा परिणाम, आणि तोही तिरळेपणा झाकणाऱ्या दिशेने. म्हणजे सहाव्या आठवड्याला चष्म्यातून उरलेला तिरळेपणा मोजतील तो खऱ्यापेक्षा तीन प्रिझम कमी भरेल. लांबचा आणि जवळचा दोन्ही आकडे सारखेच कमी भरतील, म्हणून त्यांच्यातला फरक जवळजवळ तोच राहील, पण उरलेल्या तिरळेपणाचं माप चुकेल.

तपासणं सोपं आहे. दुकानात लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) दोन्ही काचांचे मध्य शाईने टिपून घ्या, चष्मा मुलीला घाला, समोरून बघा ठिपके बाहुल्यांवर येतात का. नाही आले तर काचा बदलून घ्या. त्याच फ्रेममध्ये जमत नसेल तर लहान फ्रेम. आणि काचा बदलल्याच तर तपासणीची तारीख दोन आठवडे पुढे घ्या, नव्या काचांवर निदान महिनाभर गेला पाहिजे. जुना चष्माही सोबत न्या, दोन्हींतून मोजता येईल.